रात्री विनाकारण वाजणारा चोरी-अलार्म : सेन्सर बदलण्याआधी फिटिंग तपासा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरे, सराफी दुकाने, केळीची रायपनिंग चेंबर (केळी पिकवण्याच्या बंद खोल्या), डाळमिली, जिनिंग आणि मिरचीची गोदामे अशा ठिकाणी बसवलेल्या चोरी-अलार्मच्या दुरुस्तीचे काम मी करतो. त्यातील बहुतेक कामे एकाच तक्रारीची असतात : अलार्म कारण नसताना वाजतो आणि वाजायला हवा तेव्हा गप्प राहतो. सेन्सर खराब असल्याचे मालकाला आधीच सांगितलेले असते आणि अनेकदा तो एक-दोन वेळा बदललेलाही असतो. प्रत्यक्षात सेन्सर ठणठणीत निघतो. सैल जोड, चुकीची जागा, बारीक तार आणि कोणीच न तपासलेली बॅटरी यांमुळे तो बिचारा बदनाम झालेला असतो. वारंवार वाजणाऱ्या अलार्मचा खरा तोटा शेजाऱ्यांच्या झोपेचा नाही. चार रात्री असे झाले की पाचव्या रात्री मालक स्वतःच यंत्रणा बंद करून झोपतो आणि मग ती असून नसल्यासारखी होते.

आधी लक्षणे नीट पाहावीत

दोष कोठे आहे याचा अर्धा पत्ता तो केव्हा दिसतो यावरून लागतो.

- अलार्म ठराविक वेळी, म्हणजे पहाटे किंवा दुपारी ऊन सरकल्यावर वाजत असेल, तर सेन्सरची जागा किंवा दिशा चुकलेली असण्याची शक्यता मोठी असते.
- वीज गेल्यावर, परत आल्यावर किंवा इन्व्हर्टर बदलाच्या क्षणी वाजत असेल, तर बॅटरी आणि वीजपुरवठा यांकडे पाहावे.
- वारा सुटल्यावर वाजत असेल, तर शटर, दार आणि त्यांवरील चुंबकीय स्विच तपासावेत.
- पहिल्या पावसानंतर त्रास सुरू झाला असेल, तर बाहेरून आलेल्या तारेत किंवा उघड्या जोडात ओल शिरली आहे, असे धरून चालावे.
- बोअरची मोटर, कॉम्प्रेसर किंवा लिफ्ट सुरू होताना वाजत असेल, तर अलार्मची तार बहुधा विजेच्या तारेसोबत एकाच पाइपातून ओढलेली असते.
- पॅनेलवर, म्हणजे सर्व सेन्सरच्या तारा जेथे येतात त्या मुख्य पेटीवर, सर्व ठीक दिसते, पण दार उघडले तरी काहीच घडत नसेल, तर तो झोन (पॅनेलला एका तारेने जोडलेला दारांचा किंवा सेन्सरचा भाग) कोणीतरी बायपास करून, म्हणजे पॅनेलमधून वगळून, ठेवला असण्याची शक्यता मोठी असते. हे सर्वांत धोकादायक लक्षण आहे आणि ते आवाज करत नाही.

तपासणीला हात घालण्यापूर्वी शेजारी, रखवालदार आणि अलार्मचा फोन ज्यांना जातो त्या सर्वांना कळवावे. पॅनेलच्या पेटीत ट्रान्सफॉर्मरपर्यंत २३० व्होल्ट येतात. त्यामुळे पेटी उघडण्याआधी तिचा मेन खटका बंद करावा, उघडल्यावर बॅटरीची लाल तार काढावी आणि भोंग्याची तार मोकळी करून ठेवावी. पुढील क्रम मुद्दाम असा लावला आहे की पहिल्या काही तपासण्यांना पैसे लागत नाहीत, मधल्यांना साधा मल्टिमीटर पुरतो आणि शेवटच्या आपण करायच्या नसतात.

पॅनेलची नोंद वाचणे

बहुतेक पॅनेल मागील घटना वेळेसह साठवून ठेवतात. कोणता झोन किती वाजता उघडला, वीज केव्हा गेली, बॅटरी केव्हा कमी झाली, हे सर्व त्यात असते. तक्रार घेऊन येणाऱ्या मालकांपैकी फार थोड्यांनी ही नोंद उघडून पाहिलेली असते, कारण ती कशी पाहायची हे फिटिंग करणाऱ्याने दाखवलेलेच नसते. नोंदीत दरवेळी एकच झोन दिसत असेल, तर काम त्या एका तारेपुरते उरते. वेगवेगळे झोन एकाच सेकंदाला उघडलेले दिसत असतील, तर सर्व सेन्सर एकदम बिघडणे संभवत नाही. तेथे सामाईक गोष्ट, म्हणजे पुरवठा, बॅटरी किंवा सर्वांची मिळून काढलेली एकच निगेटिव्ह तार, हीच संशयित ठरते. त्यासाठी पॅनेलचे घड्याळ आणि तारीख आधी बरोबर लावून घ्यावी, नाही तर नोंद निरुपयोगी होते.

याच वेळी प्रत्येक झोनचे नाव कागदावर लिहावे. ‘झोन ३’ म्हणजे मागचे दार की गच्चीचा जिना, हे कोणालाच माहीत नसलेली यंत्रणा मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. कोणता झोन बायपास आहे हेही येथेच दिसते. दुरुस्तीच्या नावाखाली त्रासदायक झोन बंद करून पैसे घेऊन जाणे ही या धंद्यातील सर्वांत जुनी लबाडी आहे. मालकाला वाटते आवाज थांबला म्हणजे काम झाले.

स्वच्छता आणि पाली

सेन्सरच्या भिंगावर कोळ्याचे जाळे, आत मुंग्या, मागच्या छिद्रातून शिरलेली पाल आणि तिची अंडी हे सर्व नेहमीचे आहे. छताच्या पोकळीतून तार आणण्यासाठी पाडलेले छिद्र सिलिकॉनने बुजवलेले नसेल, तर तेथून कीटक येतात आणि गरम हवेचा झोतही थेट सेन्सरच्या आतील घटकावर येतो. नंदुरबार आणि दोंडाईचा भागातील मिरचीच्या गोदामांत, तसेच जिनिंगमध्ये, धूळ आणि कापसाचे तंतू भिंगावर थर धरतात. भिंग मऊ, कोरड्या कापडाने पुसावे. थिनर किंवा तीव्र साबण वापरू नये, कारण भिंग प्लॅस्टिकचे असते आणि त्यावरील बारीक रेघाच त्याचे काम करतात. छिद्र बुजवण्याआधी आतील पाल बाहेर गेली आहे याची खात्री करावी; अडकलेली पाल बाहेरच्या पालीपेक्षा जास्त वेळा अलार्म वाजवते.

सेन्सरची जागा : खान्देशातील उन्हाचा खास प्रश्न

हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही. समोरच्या भागातून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांत अचानक झालेला फरक तो टिपतो. भिंत एका तापमानाची असते, माणसाची त्वचा आणि कपडे दुसऱ्या तापमानाचे असतात, आणि माणूस भिंगाच्या पट्ट्यांतून आडवा चालत गेला की हा फरक सरकताना सेन्सरला दिसतो. म्हणून तो कोपऱ्यात, जमिनीपासून साधारण २.१ ते २.४ मीटर उंचीवर, चोर आडवा जाईल अशा दिशेने बसवायचा असतो. दाराच्या अगदी समोर लावलेला सेन्सर सरळ चालत येणाऱ्याला उशिरा पकडतो. फिटिंगवाला मात्र जेथे तार सहज पोहोचते तेथे तो ठोकून मोकळा होतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंतागुंत आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत भिंती, पत्रा आणि माल तापलेलाच राहतो. माणसाच्या कपड्यांचे आणि त्वचेचे तापमान साधारण ३० ते ३५ अंशांच्या घरात असते. समोरची भिंतही तेवढीच तापली की दोघांतील फरक जवळजवळ उरत नाही आणि सेन्सर आंधळा होतो. चांगल्या सेन्सरमध्ये तापमानानुसार संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते, स्वस्तातल्यांत ती बहुधा नसते. एकच सेन्सर हिवाळ्यात निर्दोष चालतो आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), म्हणजे घराला कुलूप लावून मंडळी गावी जातात नेमक्या त्याच दिवसांत, कच खातो, त्याचे कारण हे. म्हणून चालून पाहण्याची चाचणी थंडीच्या सकाळी न करता उन्हाळ्यात, दिवसभर तापलेल्या संध्याकाळी करावी. पत्र्याच्या शेडसाठी उष्णता आणि मायक्रोवेव्ह असे दोन्ही प्रकार एकत्र वापरणारा सेन्सर घ्यावा, पण खरा भरवसा दारे आणि शटर यांवरील स्विचवर ठेवावा, कारण त्याला उन्हाशी देणेघेणे नसते.

विनाकारण वाजण्याची कारणे याच्या उलट असतात. सेन्सरच्या तोंडासमोर कूलर, एसीचा झोत, हलणारा पडदा, गरम होणारा बल्ब किंवा काचेतून आत येऊन फरशीवर सरकणारे ऊन असेल, तर त्याला तेथे हालचालच दिसते. रात्री घरात माणसे असताना काही झोन चालू ठेवणाऱ्यांनी कूलरची जागा आधी पाहावी. सेन्सर थोडा वळवून किंवा दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन हा प्रश्न सुटतो आणि खर्च काही मीटर तारेचा होतो. त्याऐवजी आतील पल्स मोजणीचा जंपर (किती वेळा हालचाल दिसल्यावर अलार्म द्यायचा हे ठरवणारी जोडणी) वाढवून ठेवणे ही पळवाट आहे. तसे केल्याने खोटे अलार्म कमी होतात हे खरे, पण झपझप आत येणारा माणूसही त्यातून निसटू शकतो.

शटर आणि दारे

चुंबकीय स्विचमध्ये काचेच्या नळीतील दोन पत्त्या चुंबक जवळ असेपर्यंत चिकटलेल्या असतात. लाकडी दारासाठीचा छोटा स्विच लोखंडी दारावर चिकटवला की लोखंड चुंबकाचा प्रभाव ओढून घेते आणि काम करणारे अंतर खूप कमी होते. मग वाऱ्याने दार किंचित हलले तरी सर्किट तुटते. दार पूर्ण बंद असताना चुंबक आणि स्विच यांतील अंतर मोजावे. ते उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त नसावे. शटरला जाड बांध्याचा, जास्त अंतर सहन करणारा खास स्विच लागतो, आणि त्याची लवचीक तार लोखंडी नळीतून यायला हवी, कारण हातगाडीचे चाक, झाडू आणि पाणी सर्व तिच्यावरूनच जाते. दुहेरी टेपने चिकटवलेले स्विच दिसल्यास कोणतीही चाचणी न करता ते स्क्रूने पक्के करावेत. उन्हात टेपचा गोंद विरघळतो, हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगायला नको.

बॅटरी

पॅनेलमधील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी २५ अंश तापमानाला तीन ते पाच वर्षे चालते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यावर दर दहा अंशांनी आयुष्य सुमारे निम्मे होते. माडीवरच्या बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या भिंतीवर बसवलेल्या पॅनेलमधील बॅटरी दोन उन्हाळ्यांतच संपली, तर त्यात बॅटरीचा दोष नाही. नवी बसवताना तिच्यावर तारीख लिहावी. तारीख नसलेली बॅटरी जुनीच समजावी.

तपासणी अशी करावी. वीज चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून बरेच कमी असतील, तर चार्जिंग होत नाही. बरेच जास्त असतील, तर पॅनेल जास्त चार्ज करून बॅटरी उकळवते आहे. त्यानंतर मेन खटका बंद करून तासभर यंत्रणा बॅटरीवर चालू द्यावी आणि शेवटी भोंगा जोडून एक मिनिट वाजवून पाहावा. भोंगा वाजताना व्होल्ट झपाट्याने ११ च्या खाली जात असतील, तर बॅटरी निकामी आहे. केवळ १२.७ दिसले म्हणून ती चांगली ठरत नाही, कारण भार नसताना मेलेली बॅटरीही तो आकडा दाखवते. बॅटरी साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळते आणि वीज गेल्या-आल्यावर वाजणाऱ्या यंत्रणांपैकी मोठा भाग एवढ्यानेच शांत होतो. फुगलेली किंवा पाझरणारी बॅटरी हाताळू नये, उघडून तर मुळीच पाहू नये.

फोन लावणारे सिम

हे थोडक्यात. डायलरमधील, म्हणजे अलार्म वाजताच फोन लावणाऱ्या यंत्रातील, सिमचा रिचार्ज संपलेला असतो, कारण ते सिम कोणाच्या रोजच्या हातात नसते. जुने डायलर फक्त २जी वर चालतात. जिओचे जाळे ४जी आणि ५जी चे असल्याने ते सिम अशा डायलरमध्ये टाकून उपयोग नाही. दर महिन्याला एकदा खरा कॉल येतो का, हे पाहावे. पोलिसांचा ११२ क्रमांक ठाण्यात विचारल्याशिवाय डायलरमध्ये भरून ठेवू नये.

जोड, रोध आणि तार : खरा आजार येथे असतो

येथून पुढे मल्टिमीटर लागतो. पॅनेल पूर्ण बंद करून संशयित झोनच्या दोन्ही तारा टर्मिनलमधून काढाव्यात आणि त्यांच्यातील रोध मोजावा. प्रत्येक झोनच्या शेवटी, म्हणजे सेन्सरच्या आत, पॅनेलच्या उत्पादकाने ठरवलेल्या किमतीचा एक रेझिस्टर बसवायचा असतो. किंमत पॅनेलनुसार वेगळी असते आणि ती पुस्तिकेत दिलेली असते. दार बंद असताना मीटरने तेवढाच, फार तर तारेचा थोडा रोध मिळवून, आकडा दाखवला पाहिजे. आकडा स्थिर न राहता नाचत असेल, तर कोठेतरी जोड सैल आहे. दाराच्या झोनवर अनंत दाखवत असेल, तर तार तुटली आहे; पीआयआर सेन्सरच्या झोनवर मात्र पुरवठा बंद असताना बहुधा अनंतच दिसते, कारण वीज नसली की त्याचा संपर्क उघडा राहतो.

आकडा काही ओहम एवढाच आला, तर दोन शक्यता आहेत : तारा एकमेकांना चिकटल्या आहेत, किंवा रेझिस्टर सेन्सरमध्ये न बसवता पॅनेलमध्येच बसवला आहे. दुसरा प्रकार मला जवळजवळ निम्म्या ठिकाणी आढळतो. शिडीवर चढून प्रत्येक सेन्सर उघडण्यापेक्षा पॅनेलवर बसून आठही रेझिस्टर लावणे सोपे, म्हणून तसे केलेले असते. त्याचा परिणाम असा की रेझिस्टरचे काम, म्हणजे तारेवर कोठेही झालेली छेडछाड किंवा शॉर्ट पॅनेलला कळवणे, हे पूर्णपणे बंद पडते. पॅनेल फक्त स्वतःच्या पोटातला रेझिस्टर पाहत बसते. घरमालकाने त्याचे फोटो काढून फिटिंगवाल्याला दाखवावेत आणि काम पुन्हा करून घ्यावे. हे काम वॉरंटीत येते की नाही, हा वाद घालण्यासारखाच आहे.

मग जोड शोधावेत. छतावरच्या पोकळीत तारा पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली दिसेल. उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटते, पावसाळ्यात उघड्या तांब्यावर हिरवट थर येतो आणि जोडाचा रोध तापमानाबरोबर वर-खाली होऊ लागतो. पहाटे वाजणाऱ्या अलार्ममागे कधी हेही असते. केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये आर्द्रता मुद्दाम जास्त ठेवतात, त्यामुळे तेथे असा जोड फार काळ टिकत नाही. प्रत्येक जोड कापून काढून डागकामाने किंवा क्रिंप करून (धातूच्या टोपीत दाबून) पक्का करावा आणि झाकणाच्या जोडपेटीत ठेवावा. ओलसर जागी जेल भरलेले क्रिंप वापरावेत. शक्य असेल तेथे मधला जोड काढून सलग तार ओढणेच उत्तम.

तारेची जात ओळखण्यासाठी तिचे टोक ब्लेडने खरवडावे. आतून पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. तिचा रोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो आणि ती स्क्रूखाली लवकर तुटते. टेलिफोनची बारीक तार वापरलेली असेल, तर तीस मीटरवरील भोंग्यापर्यंत जाऊन-येऊन सुमारे आठ ओहम रोध होतो. एक अँपिअर मागणाऱ्या भोंग्याला तिच्यातून पुरेसा दाब मिळणे म्हणजे ठिबकच्या नळीवर पाट भरण्याची अपेक्षा करण्यासारखे आहे. सेन्सरच्या टर्मिनलवर, यंत्रणा बॅटरीवर चालू असताना, किमान साडेअकरा व्होल्ट पोहोचतात का हे मोजावे. पॅनेलवर १२.५ आणि सेन्सरवर १०.५ दिसले, तर तार बदलण्यावाचून उपाय नाही आणि नवा सेन्सर बसवून काहीही साधणार नाही.

येथे थांबावे

अलार्मची तार विजेच्या केबलसोबत एकाच पाइपातून गेली असेल, तर ती वेगळी करून निदान एक फूट अंतरावरून न्यावी लागते आणि जेथे ओलांडणे भाग आहे तेथे काटकोनात ओलांडावी लागते. हे काम दिसायला साधे असले तरी चालू विजेच्या पाइपात हात घालावा लागत असल्याने ते परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. अर्थिंगचेही तसेच. तापीकाठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालणे आपण करू शकतो, पण अर्थिंग मोजणे आणि न्यूट्रल सैल आहे का हे पाहणे इलेक्ट्रिशियनचे काम आहे. मेगरने, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन मोजणाऱ्या मीटरने, तारेचे इन्सुलेशन तपासायचे झाल्यास सेन्सर आणि पॅनेल सुटे करूनच ते करावे लागते, अन्यथा मेगरच्या दाबाने सर्वच जळते. म्हणून तेही जाणकारावर सोडावे.

पॅनेलच्या बोर्डावर काळा डाग, जळका वास किंवा वीज कडाडल्यानंतर सुरू झालेला बिघाड असेल, तर पेटी बंद करून मेन खटका बंद ठेवावा. बँक, पतसंस्था किंवा सराफाची तिजोरी-खोली जोडलेली असेल, आगीचा अलार्म त्याच पॅनेलवर असेल, किंवा इन्स्टॉलर कोड (पॅनेलच्या सेटिंग बदलण्याचा गुप्त क्रमांक) मालकाकडे नसेल, तर पहिल्याच टप्प्यात तज्ज्ञाला बोलवावे. कोड न देता निघून गेलेल्या फिटिंगवाल्याकडून तो लेखी मागावा आणि मिळाल्यावर बदलून टाकावा.

नव्या तंत्रज्ञाला काम देताना पैसे पूर्ण चुकते करण्याआधी चार गोष्टी हातात घ्याव्यात : झोनची नावे आणि तारांचा मार्ग दाखवणारे चित्र, प्रत्येक झोनचा मोजलेला रोध, बॅटरीची तारीख, आणि आपल्यासमोर प्रत्येक दार उघडून, प्रत्येक सेन्सरसमोरून चालून आणि वीज बंद ठेवून घेतलेली चाचणी. यांपैकी शेवटची टाळणाऱ्याचे बिल थांबवून ठेवावे.